शनिवारचा ओलावा

प्रिय मावशी,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. पावसाळ्याच्या तिसऱ्या आठवड्यात तुझ्या मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात बुरशी आली. मधली फळी आणि तिच्यावरची पांघरुणं.
२. मी कपाट रिकामं केलं, फळ्या स्पिरिटने पुसून वाळवल्या, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, दाराला वर-खाली भोकं पाडली.
३. पुढच्या खेपेला बुरशी हजर.
४. तू म्हणालीस, "हवाच तशी आहे. हवेवर काय रागावणार?"
५. मी वरच्या फळीवर दमटपणा मोजणारं काडेपेटीएवढं यंत्र ठेवलं. ते दर तासाला नोंद करतं. हे तुला सांगितलं होतं. तू "बरं बाई" म्हणालीस आणि विसरलीस.

परवा रविवारी सकाळी मी सहा आठवड्यांच्या नोंदी उतरवून घेतल्या. आकडा साठच्या आत राहिला तर बुरशी सहसा धरत नाही. तुझं कपाट एरवी अठ्ठावन्नवर शहाण्या मुलासारखं बसलेलं असतं. एक शनिवार आड मात्र सकाळी अकराला ते पंच्याऐंशीवर उडी मारतं आणि रविवारी संध्याकाळशिवाय उतरायचं नाव घेत नाही. असं दोनदा झालं, आणि परवा तिसऱ्यांदा चढलेलं सकाळी अजून वरच होतं. एक शनिवार आड साडेअकराला मी येते आणि रविवारी संध्याकाळी जाते. म्हणजे तुझ्या कपाटाला बुरशी लागते ती माझ्यामुळे. पण मी किती कोरडी आहे हे तुझं गल्लीभर सांगून झालंय, त्यामुळे दुसरं कारण शोधणं भाग होतं.

तू दूध आणायला गेलीस तेव्हा मी पांघरुणांच्या मागे हात घातला. पूर्ण बाह्यांचे पाच शर्ट, दोन पँटी, एक टॉवेल. सगळं अर्धवट ओलं, घाईघाईने कोंबलेलं. तुझ्यासारख्या, रुमालालाही इस्त्री करणाऱ्या बाईने. मी सगळं होतं तसंच परत कोंबलं. एका खिशात मात्र तांदळाच्या दाण्याहून लहान स्क्रू सापडला. तो सोबत चिकटपट्टीवर लावून पाठवते आहे, ते शोधत असतील.

मला आधीच कळायला हवं होतं. हॉलमधलं घड्याळ माझ्या लहानपणी कधी बंद पडलेलं आठवत नाही. यंदा तू फोनवर अकरा वेळा सांगितलंस, "बंद पडलंय, घड्याळवाले येऊन गेले." घड्याळ इतकं आजारी असताना तुझा आवाज इतका खुशीत कसा, एवढंच मी विचारलं नाही. आणि मी असते ते दोन दिवस ते बिचारे झोपतात कुठे? दुकानातल्या टेबलावर? त्या वयात पाठ धरते, मावशी.

कपाटाचा उपाय सोपा आहे. ओले कपडे आत ठेवायचे नाहीत. मागच्या खोलीत दोरी बांध, खाली पंखा लाव, शर्टाची कॉलर आणि पँटची कंबर हाताला पूर्ण कोरडी लागली की मगच घडी. मी आले तरी दोरीवरचं काही काढायचं नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पत्र लिहिलं ते दुसऱ्या गोष्टीसाठी. आई-बाबांनंतर तू मला घरी आणलंस त्याला दोन वर्षं झाली होती, मी चौदाची होते. तेव्हाही हेच घड्याळवाले आले होते आणि घड्याळ तेव्हाही चालूच होतं. ते गेल्यावर तू मला विचारलंस, ते कायमचे इथे राहायला आले तर चालेल का, आणि मी म्हणाले, "मग मी कुठे जायचं?" दुसऱ्या दिवशी तू त्यांना दारातूनच परत पाठवलंस आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाहीस. मीही नाही. तेरा वर्षं झाली. आता मला नोकरी आहे, दोन खोल्या आहेत, आणि तुझ्या घराची किल्लीही माझ्याकडे आहे. तो प्रश्न मी मागे घेते. तू आता तरी माझ्यापासून काही कपाटात लपवू नकोस.

या वेळी मधला शनिवार न सोडता येत्या शनिवारीच येते, नेहमीच्या वेळी. येताना बाजार करून आणणार आहे. जेवायला आपण दोघी की तिघं, ते गुरुवारपर्यंत कळव.

तुझीच,
मोजपट्टी