डावा कोपरा

उधना, सुरत
१८ मार्च २०२५

ती. आत्यास,
चैतालीचा सप्रेम जयभीम.

वि. वि. तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर पाठवलेलं आधी तुमचा नातू वाचतो, ही तक्रार मला मान्य आहे. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आहे. प्रज्ञेशला लिफाफा फोडू देऊ नका.

पप्पांबद्दल विचारलंत. होळीला तुम्हाला दिसलं ते बरोबर होतं. शर्टाची बटणं लावताना ते पाठ फिरवून उभे राहतात, मला दिसू नये म्हणून. चालताना पाय किंचित फाकवतात. मी जिथे एमआरआयचं मशीन चालवते, त्याच रुग्णालयात त्यांची तपासणी केली. मशीनमध्ये मीच त्यांना झोपवलं. मानेच्या मणक्यांमध्ये मज्जारज्जू दाबला गेला आहे. कबड्डीत इतकी वर्षं समोरच्याच्या गुडघ्यांवर मान टाकली त्याचा हा परिणाम असेल, किंवा वयाचा असेल, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. शस्त्रक्रिया लवकर करावी लागेल. तोपर्यंत पडायचं नाही आणि मानेला झटका बसू द्यायचा नाही. बसला तर दोन्ही हात आणि दोन्ही पाय जाऊ शकतात. मी वाढवून सांगत नाही.

अडचण पुढे आहे. मंडळानं चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी, पप्पांच्या नावानं स्पर्धा ठेवली आहे. तीन रस्ता चौकात त्यांचा जुना फोटो लागलाय, घोट्याची पकड घेतलेला. सुरुवातीला प्रदर्शनीय सामना आहे आणि त्यात ते स्वतः डाव्या कोपऱ्यात उभे राहणार आहेत. ऑपरेशन जयंतीनंतर बघू, म्हणतात. मी मानेबद्दल सांगितलं, तर म्हणाले की ही मान मिलच्या संघाला तीन वेळा राज्याचा चषक देऊन बसली आहे, तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

आई असती तर त्यांनी तिचं ऐकलं असतं. आता तुमचंच ऐकतील. तुम्ही त्यांना लिहा.

माया आहे तशी राहू द्या.
तुमची,
चैताली

---

अमळनेर
२३ मार्च २०२५

चि. चैतालीस,
आत्याचे अ. उ. आ. आणि जयभीम.

तुझं पत्र म्हणजे दवाखान्याचा रिपोर्टच. खाली सही आत्याच्या भाचीची आहे की मशीनची, दोनदा बघावं लागलं. पण वाचून झाल्यावर मी चूल पेटवायची विसरले. लिफाफा मीच फोडला.

पोपटला मी लिहिलंय. ऐकेल असं वाटत नाही. तुला तो बाप म्हणून माहीत आहे, कोपऱ्यातला पोपट तू पाहिलेला नाहीस. लहानपणी बोरी नदीच्या वाळूत मी चढाई करायचे आणि तो माझा घोटा धरायचा. माझाच घोटा धरून तो शिकला. पुढे सुरतेला मिलमध्ये लागला, तेव्हा इथली माणसं रेल्वेनं त्याचे सामने बघायला यायची. चढाई करणारा पोरगा त्याच्या कोपऱ्याकडे जायचाच नाही, उजवीकडेच फिरत राहायचा. मग पोपट मुद्दाम पेंगल्यासारखं करायचा. पोरगा फसून एक पाय पुढे टाकायचा, की संपलं.

उधन्यात त्याने किती पोरांना शिकवलं ते तुला ठाऊक आहे. दोन वेळचं खाऊन न आलेल्या पोराला तो आधी जेवायला बसवायचा, मग मैदानात घ्यायचा. तुझी आई हसून घराला 'वहिनीची खाणावळ' म्हणायची. आज त्यातले कोणी रेल्वेत, कोणी पोलिसात. त्या सगळ्यांना तो त्या दिवशी कोपऱ्यात उभा दिसायला हवाय. एवढी माणसं एका बाजूला आणि तू एकटी दुसऱ्या बाजूला. धीर धर माय.

तू जेवतेस ना वेळेवर? तेही रिपोर्टात लिहीत जा.

कळावे, जीव तुझ्यापाशी आहे.
आत्या (चंद्रभागा)

---

उधना
२७ मार्च

ती. अक्कास,
पोपटचा जयभीम.

तुझं पत्र मिळालं. पोरीनं तुला घाबरवलं आहे. मशीनवर बसून बसून तिला सगळ्या माणसांच्या आतली हाडंच दिसतात. मला काही झालेलं नाही. एकच चढाई अडवायची आहे. चढाईला राहुल येणार, तो माझाच पोरगा समज, रेल्वेच्या संघात खेळतो.

तू ये बघायला. ऐकू येत नाही तर बरंच आहे, भाषणं चुकतील.

जास्त लिहीत नाही. पेन घसरतो.
तुझा,
पोपट

---

उधना
३० मार्च

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

वि. वि. पप्पांनी तुम्हाला लिहिलं हे मला टेबलावरच्या पेनावरून कळलं. पेनाला त्यांनी कापडाची पट्टी गुंडाळली आहे, पकड यावी म्हणून. अक्षर कसं होतं, ते मला कळवा.

मी एक व्यवस्था केली आहे. मंडळाचे अध्यक्ष भूपेंद्रभाई पप्पांबरोबर मिलच्या संघात होते, प्रदर्शनीय सामन्याचे पंचही तेच आहेत. त्यांना भेटले. पहिल्यांदा त्यांचा गैरसमज झाला. पत्रिकेत पप्पांचं नाव खाली छापलं म्हणून घरचे नाराज आहेत, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी चार माणसं शाल आणि पेढ्यांचा डबा घेऊन दारात. पप्पा खूश. मला पुन्हा जाऊन सगळं समजावून सांगावं लागलं. भूपेंद्रभाईंचे डोळे भरले, पण नाव मागे घेता येणार नाही म्हणाले. अडधुं सुरत, म्हणजे अर्धं शहर येणार आहे, पोपटशिवाय स्पर्धा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात.

मग आम्ही ठरवलं ते असं. राहुल चढाईला येईल, पप्पांच्या समोर पाय मुद्दाम रेंगाळत ठेवेल आणि त्यांचा हात लागताच स्वतःच हळूच बसून घेईल. ओढाताण होणार नाही. बाकीचे खेळाडू वर पडणार नाहीत. पप्पांना पकड मिळेल, लोकांना टाळ्या मिळतील, दोन मिनिटांत ते बाहेर येतील. राहुलनं लगेच मान्य केलं. मला हा सर्वांत कमी धोक्याचा मार्ग वाटतो.

जेवते. माया असू द्या.
चैताली

---

अमळनेर
३ एप्रिल

चि. चैतालीस,
अ. उ. आ.

अक्षराचं विचारलंस. 'अक्का' लिहिताना त्याची रेघ कागदाबाहेर गेली होती. एवढंच सांगते.

पोरी, तू केलेली व्यवस्था मोड. हे पत्र मिळाल्याबरोबर मोड.

नंदुरबारला एकदा अंतिम सामना होता. मी आणि तुझे आतोबा बघायला गेलो होतो. शेवटच्या चढाईत समोरचा पोरगा पोपटपाशी येऊन घसरला आणि पोपटचा हात त्याच्या घोट्यावर पडला. पंचांनी पोराला बाद दिलं, मिलवाल्यांनी उड्या मारल्या. पोपट उठला आणि पंचांना म्हणाला की मी धरायच्या आधी हा घसरला, ही पकड माझी नाही. गुण गेला, चषक गेला. परतीच्या गाडीत सुरतेपर्यंत त्याच्याशी कोणी बोललं नाही, हे तुझ्या आईनं मला नंतर सांगितलं. भूपेंद्र त्याच गाडीत होता, तो विसरला कसा?

राहुल मुद्दाम बसला तर पोपटच्या हाताला ते पहिल्या क्षणी कळेल. तो घोटा सोडेल आणि राहुलला म्हणेल, परत ये. तो परत तसाच आला, तर पोपट चिडेल. आणि चिडलेला पोपट काय करतो, ते मला माहीत आहे. अंग झोकून देतो. तुला एक चढाई वाटते आहे, तिथे चार होतील.

मी रात्रभर विचार करून सांगते. त्याला जिंकवू नका. हरवा. राहुल चांगला चढाईवाला असेल, तर त्याला जवळ जायची गरजच नाही. लांबून पायाच्या अंगठ्यानं शिवायचं आणि मध्यरेषेवर परत. अंगाला अंग लागायचं नाही. शिवला गेला की कोपऱ्यातला बाद. आणि खरा बाद झालेला पोपट आयुष्यात कधी पंचांशी भांडला नाही, गुपचूप बाहेर जाऊन बसला.

त्याच्या दिवशी, त्याच्या नावाच्या स्पर्धेत, सगळ्यांसमोर. मला हे लिहिताना काय होतंय ते तुला सांगत नाही. मन्हा भाऊ शे तो.

जीव तुझ्यापाशी.
आत्या

---

उधना
९ एप्रिल

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

वि. वि. तुमचं पत्र दोनदा वाचलं. भूपेंद्रभाईंना दाखवलं. नंदुरबारचं वाचून त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले की चंद्राबेन बरोबर बोलतात, पण राहुलला हे सांगायला मी जाणार नाही.

म्हणून मी गेले. राहुल ड्यूटीवरून आला होता. मी सांगितलं तसं त्याचा चेहरा बदलत गेला. खोटं हरायला तो एका शब्दात तयार झाला होता, खरं जिंकायला तयार नाही. म्हणाला की सरांच्या घरी जेवून मी मोठा झालो, नोकरी लागली तेव्हा पहिला पेढा त्यांना भरवला, आता त्यांचे दीडशे चेले बसलेले असताना मी त्यांना बाद करू? त्यापेक्षा त्या दिवशी ड्यूटी लावून घेतो. मी म्हटलं, तू आला नाहीस तर दुसरा कोणी येईल आणि त्याला ही मान माहीत नसेल. मी फिल्म बरोबर नेली होती. खिडकीसमोर धरून जागा दाखवली. त्यानं पाहिलं आणि फिल्म परत माझ्या हातात दिली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

घरी पप्पा रोज सकाळी गच्चीवर जातात. वाकण्याचा सराव करतात. मी जिन्यात उभी राहते, त्यांना माहीत नाही. कदाचित माहीत असेल.

काल कामावर मी एका बाईंना शरीरात काही धातू आहे का, हे दोनदा विचारलं. त्यांनी आठवण करून दिली की आत्ताच विचारलंत. असं माझं कधी होत नाही. बाकी मी ठीक आहे.

चौदा तारखेनंतर लिहीन.
चैताली

---

उधना
१५ एप्रिल

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

पहिल्यांदा हे: पप्पा पडले नाहीत. हात-पाय आहेत तसेच आहेत.

आता क्रमानं लिहिते. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार झाला, बुद्धवंदना झाली, भाषणं झाली. पप्पा निळा शर्ट घालून आले. बटणं त्यांनी मला लावू दिली. चपला काढून कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, तेव्हा लोक उठून उभे राहिले. मी रेषेच्या मागे होते. त्यांनी गुडघे वाकवले आणि आत्या, तुम्ही लिहिलं होतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. पेंगल्यासारखे झाले. डोळे अर्धे मिटले. क्षणभर मलाही वाटलं की या माणसाला काही झालेलं नाही.

राहुल आला. शेवटपर्यंत मला माहीत नव्हतं तो काय करणार आहे. तो आधी उजवीकडे गेला, मग वळला आणि डावा पाय लांब टाकला. पप्पांचा हात निघाला. वेळेवर निघाला, हे मी सांगू शकते. बोटं त्याच्या घोट्यावर पोचली, पण मिटली नाहीत. राहुलचा अंगठा त्यांच्या पायाला लागला आणि तो मध्यरेषेवर परत गेला.

भूपेंद्रभाईंनी पाहिलं होतं, तरी त्यांचा हात वर जाईना. ते जमिनीकडे बघत होते. लोकांना वाटलं, स्पर्श झालाच नसेल. कोणीतरी चालू द्या, चालू द्या म्हणालं. तेव्हा पप्पांनीच हात वर केला, आपण बाद असल्याचा, आणि मागची रेषा ओलांडून बाहेर जाऊन बसले.

समोरच्यांच्या पुढच्या चढाईत आपल्या मुलांनी पकड केली. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या संघाला गुण मिळाला की बाद झालेला पहिला खेळाडू पुन्हा आत येतो. सगळे त्यांना बोलवू लागले. राहुलही समोरून बोलवत होता, रडत होता. पप्पांनी शेजारी बसलेल्या राखीव मुलाला आपल्या जागी आत पाठवलं. ते उठले नाहीत.

सामन्यानंतर राहुल पाया पडायला आला. पप्पा त्याला म्हणाले की स्पर्श चांगला होता, पण जिथे शिवायचं तिथे तू आधी बघतोस, ते सोड. मग त्याला पेढा भरवला. तिथे माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं की राहुलला कोणी सांगितलं. मी म्हटलं, मी. तुमचं नाव घेतलं नाही. त्यांनी हात पुढे केला आणि मूठ करून दाखवायचा प्रयत्न केला. म्हणाले, “तुझ्या मशीनवर माझा अविश्वास नव्हता, बेटा. पण बाद झालोय, हे मैदानानं सांगायला हवं होतं.” मग ऑपरेशनची तारीख विचारली.

चोवीस तारखेला, गुरुवारी सकाळी आहे. बोटांची ताकद परत येईलच, असं डॉक्टर सांगत नाहीत. आहे ते वाचवायचं, एवढंच सांगतात. मानेजवळचं काम आहे, धोका आहे. तो किती, हे मी त्यांना विचारलं आणि त्यांनी आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही.

आत्या, या रुग्णालयात मी पाच वर्षं आहे. प्रत्येक वेळी दाराच्या आतल्या बाजूला होते. बाहेरच्या बाकावर नातेवाईक कसे बसतात, ते मी काचेतून पाहिलं आहे, पण मला बसता येत नाही. मला भीती वाटते आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही बुधवारी या. उधन्यालाच उतरा, मी फलाटावर असेन.

तुमची,
चैताली