आबांचं डोपामिन

३ मार्च २०२५, सोमवार
आजपासून संशोधन. तीर्थपुरीच्या कॉलेजात एवढी वर्षं केमिस्ट्री शिकवली, जगाला काही दिलं नाही. ही खंत या महिन्यात मिटणार. मोसंबीच्या फेकलेल्या सालींपासून कार्बनचे अतिसूक्ष्म कण करायचे. जांभळ्या दिव्याखाली ते निळे चमकतात. त्यात डोपामिन, म्हणजे मेंदूतलं एक रसायन, मिसळलं की चमक मंदावते. महिनाअखेरच्या सेमिनारात पेपर.
माझ्या वडिलांचा, आबांचा, उजवा हात दिवाळीपासून थरथरतो. डोपामिनच कमी पडत असणार. दैवशाला म्हणते, जालन्याला मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. म्हणालो, आधी हा डोपामिन मोजणारा सेन्सर होऊ दे. नवरा सायंटिस्ट असल्याची तिला सवय नाही.

५ मार्च
वडीगोद्रीच्या हायवेवरून, राधेश्याम ज्यूसवाल्याकडून पोतंभर साली आणल्या. "सर, शेळ्या घेतल्या का?" पोतं गाडीला बांधलं.

७ मार्च, संध्याकाळी
साली कुकरमध्ये शिजवल्या. शिट्ट्या मोजल्या नाहीत. विज्ञानात शिट्टी हे माप नाही. शेवटची शिट्टी छताला लागली. मी सुखरूप. कुकर नाही. उरलेलं पाणी गाळून बाटलीत भरलं, नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं. निळं! शुद्ध डोपामिन मागवून खात्री करायला हवी. पण वेळ कुठे आहे?

१० मार्च
आबांची लघवी हवी. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुण्याच्या पावडरने घासल्या, सालींच्या पाण्याच्या बाटलीसारख्याच. चकाचक. आबा म्हणाले, "दवाखान्यात न्यायचं सोडून मूत काय मागून राह्यला?" सोप्या भाषेत समजावलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. उद्या जास्त सोप्या भाषेत.

१५ मार्च
वाईट झालं. आबा ओट्यावरून उतरताना पडले. पाय उचललाच नाही म्हणे. कपाळ फुटलं, टाके पडले. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, उद्याच जालन्याला न्या, हे नुसतं वय नाही. हो म्हणालो. पण गोळ्या सुरू झाल्या की सॅम्पल गेलं! दैवशालाकडे फक्त एक दिवस मागितला. ती म्हणाली, "आबा रक्तानं भरलेत, आन् तुमी बाटली काय धरून राह्यलात?" तसं काही नाही म्हणालो. बाटली मात्र हातात होती.

१६ मार्च, सकाळी
आबांनी बाटली भरून आणली. हात असा हलत होता की निम्मी सांडली. बाटली माझ्यापुढे ठेवली. मी लेबल वाचत राहिलो. लेबलवर काही लिहिलेलं नव्हतं.

दुपारी
सॅम्पल सालींच्या पाण्यात मिसळलं. चमक तसूभर कमी नाही. म्हणजे डोपामिन शून्य! निदान झालं! फिजिक्सच्या मुजाहिद सरांना फोन केला. ते म्हणाले, "मुबारक. पन नुसतं पानी टाकून बघितलं का, सर?" लोक जळतात. जालन्याचं परवा बघू, आधी आकडे लिहून काढतो.

१७ मार्च
उठलो तर घर रिकामं. दैवशाला आबांना घेऊन पहिल्या गाडीने जालन्याला गेली. फोन उचलत नाही. पुन्हा केला. उचलत नाही. काहीतरी करावं म्हणून घासलेल्या बाटलीत हापशाचं नुसतं पाणी घेतलं. चमकलं. दुसरी बाटली. चमकली. दिवा चुकून माझ्या सदऱ्यावर पडला. सदराही चमकला. कालच धुतलेला.
चमक सालींची नव्हती. कपडे उजळ दिसावेत म्हणून पावडरीत घालतात त्या द्रव्याची होती.
हाही एक निष्कर्षच, असं लिहिणार होतो. पण फोन अजून कोणी उचलत नव्हतं.

संध्याकाळी
आले. डॉक्टरांनी आबांना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली आणि सांगितलं, पार्किन्सन. गोळ्या आहेत, जगता येतं. आणायला उशीर केला, असंही म्हणाले. दैवशालाने एवढं सांगितलं आणि जेवायला वाढलं.

२९ मार्च, शनिवार
सेमिनारला गेलो नाही. तब्येतीचं कारण कळवलं. कोणाची, ते लिहिलं नाही.
आबांची थरथर बरीच कमी आहे. आजपासून सकाळची गोळी मी देणार, असं जाहीर केलं. दैवशाला म्हणाली, "द्या. पन नुसती द्या."
दिली. आबांनी ती तळहातावर घेऊन आधी तिला दाखवली. तिने मान हलवली, मग गिळली.