चोचवाली आजी

प्रिय विहीणबाईंना,

आमच्या घरातल्या सगळ्यांचा, म्हणजे माझा, ह्यांचा आणि शिलाई मशीनचा, सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, व्याह्यांचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि गेल्या खेपेला फोनवर ऐकू आला तो खोकला तुमचा नसून शेजारच्यांचा असेल, असं धरून चालते. आमच्याकडे सगळं ठीक. मला काही झालेलं नाही. ह्यांना रोज सकाळी उठल्यावर काहीतरी झालेलं असतं आणि चहा प्यायला की ते जातं. तुम्ही म्हणाल, फोन होतो की रोज, मग पत्र कशाला? राग मानू नका, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. (असं तुमची लेकच म्हणते. मी नुसती मान हलवली.) पत्रात मधेच कुणी तोडत नाही. शिवाय पुढच्या आठवड्यात पोरं तुमच्याकडे यायची आहेत आणि धाकट्या ढब्बूला तर तुम्ही अजून हातात घेतलेलंच नाही. तेव्हा तो आमच्याकडे पहिल्यांदा घरात आला त्या दिवशी काय काय झालं, ते तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. बाकी या पत्रामागे काहीएक हेतू नाही.

तर सुरुवात पोपटांपासून. आमचा धंदा पडद्यांचा, मी शिवायचे आणि ह्यांनी टांगायचे, असाच उभा जन्म गेला. साथ यायच्या तोंडावर एका हॉटेलवाल्याचं मोठं काम आलं होतं. जेवणाच्या हॉलचे पडदे, पिवळंधमक कापड आणि त्यावर वीतभर हिरवे पोपट. (जेवताना पोपट कुणाला बघायचे असतात, देव जाणे.) कापड घरात आलं आणि हॉटेलला कुलूप लागलं. तो आख्खा तागा बसला आमच्या गळ्यात. पुढे बाजारात मास्क मिळेनासे झाले, तेव्हा मी कात्री उचलली. अख्खा पोपट घेतला तर एकच मास्क झाला असता, पण कापड वाया घालवायचं नाही म्हटल्यावर एकाला चोच आली की दुसऱ्याला नुसती शेपटी यायची. चोचीचे मी माझ्यासाठी ठेवले, चोच बरोब्बर नाकावर येईल अशी चुणी घालून. शेपट्या वाटून टाकल्या. दूधवाला, औषधाच्या दुकानातली बाई, समोरची मास्तरीण, सगळी गल्ली तोंडाला शेपट्या बांधून फिरायला लागली. ह्यांनाही शेपटीच दिली. ते म्हणाले, बरोबर आहे, चोच तुलाच शोभते. त्या दिवशी त्यांना दुसरा चहा मिळाला नाही.

त्याच सुमारास ढब्बू जन्माला आला. तुम्ही तिकडे परगावी अडकलात म्हणून रडत होतात, ते मला फोनवर ऐकू यायचं. पण विहीणबाई, मी चार गल्ल्या पलीकडे राहून अडकले होते, त्याचं काय? उपाशी माणसाला हॉटेलच्या दारात उभं करण्यातला प्रकार. तुमची लेक दवाखान्यात नर्स, दिवसरात्र त्याच आजाराच्या माणसांत. ती म्हणायची, आई, मी कुणाकडून काय घेऊन येईन सांगता येत नाही, तुमच्या घरात आम्ही पाऊल टाकणार नाही. तिला माझीच काळजी होती, हे मला कळत होतं. कळत होतं तरी मी फुरंगटून बसायचे. शेवटी तोड निघाली ती अशी, की दर रविवारी चिरंजीवांनी पोरांना घेऊन फाटकाबाहेर उभं राहायचं आणि आम्ही खिडकीत. मी चोच लावून, हे शेपटी लावून. मधे अंगण. थोरल्या नातीने तर माझी शिलाईची टेपच मागून घेतली. अंतर मोजून खडूने रेघ मारायची आणि आजोबांचा अंगठा जरी रेघेवर आला तरी आरडाओरडा. तेव्हापासून तिचं नाव आम्ही फौजदार ठेवलंय.

तिकडे खाऊ कसा पोचवायचा, हा प्रश्न ह्यांनी सोडवला. पडदा जिच्यावर सरकतो ती लांबच लांब लोखंडी पट्टी काढली, खिडकीपासून फाटकापर्यंत ठोकली, तिच्यात कड्या अडकवल्या आणि दोरी ओढली की खाऊ सरसर फाटकाकडे जाईल अशी व्यवस्था केली. इतका उतार कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले तुला त्यातलं कळत नाही. पहिल्याच रविवारी बिस्किटांचा डबा निघाला तो थेट चिरंजीवांच्या कानशिलावर जाऊन थांबला. (कानावर टेंगूळ आलं होतं ते याचं. दाराला आपटलो असं त्याने तुम्हाला सांगितलं, कारण बापाची अब्रू.) ढब्बू तेव्हा पाच महिन्यांचा, तो मात्र खदाखदा हसला. आयुष्यातला पहिला विनोद त्याला आपल्या बापाच्या कानाचा कळला. नंतर उतार कमी केला, पण फौजदार दर वेळी विचारायची, आज बाबाला का नाही लागलं?

असं दीड वर्ष गेलं. तो मांडीवरून कडेवर आला, कडेवरून जमिनीवर आला, फाटकाच्या गजांना धरून उभा राहिला. मी खिडकीतून टाळ्या वाजवत होते. बोलायला लागला तेव्हा माझ्याकडे बोट करून आजी म्हणाला आणि मी त्या दिवशी ह्यांना मागितल्याशिवाय दुसरा चहा दिला. त्याचे फोटो बघून तुम्ही रविवारी फाटकावर फोन करायचा आणि दर खेपेला तेच, नाक माझ्यावर गेलंय, नाक माझ्यावर गेलंय. मी नाक मुरडलं असेल, ते मास्कमुळे दिसलं नाही.

शेवटी सगळ्या मोठ्या माणसांची लस झाली, तुमच्या लेकीची ड्यूटीही बदलली आणि तिनेच सांगितलं की या रविवारी आम्ही घरात येतोय. विहीणबाई, मी काय सांगू? चार दिवस आधीपासून घर पुसत होते. ह्यांची दाढी दोनदा करवली. माझ्या मनात एकच होतं, की पोर धावत येणार, मी उचलणार आणि आता सोडणार नाही. दारात मुद्दाम मास्क काढून उभी राहिले. म्हटलं, खिडकीतली आजी पुरे झाली, आता अख्खी आजी बघू दे. चांगली दात दाखवून हसले. तिथेच फसलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, नाकाकडे पाहिलं, दातांकडे पाहिलं आणि जो काय सूर लावला! मास्तरीणबाई खिडकीत आल्या. मी हात पुढे केले तर आईच्या पायांत शिरला. मी म्हटलं, अरे मी आजी, तर नाही, नाही, नाही. त्याला तीनच शब्द नीट येतात, त्यातला हा सगळ्यात चांगला येतो.

तेवढ्यात आतून आले हे. पाहुणे आले की मास्क लावायचा ही सवय, म्हणून खुंटीवरचा हाताला लागला तो लावला, आणि लागला नेमका माझा, चोचीचा. झालं! ढब्बूचं रडणं जागच्या जागी थांबलं. डोक्यावर केस नाहीत, कान सुपाएवढे, अंगात बनियन, पण पोराने बघितली फक्त चोच. आजी म्हणून ओरडला आणि धावत जाऊन ह्यांच्या गुडघ्यांना मिठी मारली. आणि ह्या माणसाने काय करावं? सांगावं ना, बाबा रे, मी आजोबा. नाही! बारीक आवाज काढून म्हणतात कसे, ये रे माझ्या सोन्या. मी आजवर ह्यांना पुष्कळ बोलले असेन, पण मनापासून राग आला तो त्या दिवशी.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि प्लंबर वेळेवर यावा म्हणून मी त्याला मागेच एक चोचीचा मास्क देऊन ठेवला होता. (लाच म्हणा हवं तर. शेपटीवर प्लंबर येत नाहीत.) तो कधी नव्हे ते वेळेवर आला. आता घरात चोचवाल्या आज्या झाल्या दोन. ढब्बूने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. मग नवीन आजीकडे पाना आहे असं दिसल्यावर ह्यांना सोडून तिकडे गेला. तो दांडगा मिशाळ गडी भांडी घासायच्या ओट्याखाली आडवा पडलेला आणि माझा नातू त्याच्या पोटावर बसून आजी आजी करतोय. आणि मी, खरी, सख्खी, चार दिवस घर पुसलेली, दारात उघड्या तोंडाने उभी. कुणाचीच कुणी नाही. फौजदारसुद्धा हसून हसून जमिनीवर लोळत होती. तुमच्याजवळ काय लपवायचं, मी मशीनच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि कुणाच्या तरी अर्धवट शिवलेल्या पडद्यात तोंड खुपसून रडले. दीड वर्ष ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या त्याला माझं तोंड आवडलं नाही, हेच डोक्यात बसलं होतं.

तुमची लेक आत आली. समजूत घालायला आली असती तर मी तिला हाकललं असतं, पण ती येऊन नुसती शेजारी बसली आणि पडद्याची दुमड हातात घेऊन दवाखान्यातलं सांगायला लागली. म्हणाली, आई, मी ज्यांना रोज भरवलं, ज्यांच्या उशाशी बसले, ती माणसं बरी होऊन घरी गेली आणि आता बाजारात समोरून जातात तरी मला ओळखत नाहीत. त्यांनी माझं तोंड पाहिलेलंच नाही. एकदा एका म्हातारबाबांनी नुसता आवाज ऐकला आणि भाजी टाकून माझा हात धरला. ढब्बूचंही तेच आहे. त्याची आजी चोचीचीच आहे. तुम्ही त्याला आवडत नाही असं नाही, त्याची तुमच्याशी अजून ओळखच झालेली नाही. एकदम नका, थोडं थोडं दाखवा. विहीणबाई, लेक चांगली वाढवलीत हो तुम्ही. तोंडावर मी हे म्हटलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

मग बाहेर आले आणि ह्यांच्याकडून मास्क मागितला. ते म्हणतात, थोडा वेळ राहू दे ना. ओढूनच घेतला. चोच लावली आणि जमिनीवर बसले. ढब्बू प्लंबरच्या पोटावरून उतरला (नळ झाला होता, नाहीतर उतरला नसता), आला आणि मांडीत बसला. मी मास्क जरासा खाली केला. नाक बघून तो दचकला, हाताने धरून मास्क वर ओढला. पुन्हा खाली, पुन्हा वर. असं कितीतरी वेळ चाललं. मग त्याला त्यातच गंमत वाटायला लागली. शेवटी त्याने आपणच मास्क हनुवटीखाली ओढला, माझ्या नाकात बोट घातलं, मग तेच बोट स्वतःच्या नाकात घातलं आणि माझ्या तोंडाकडे बघून आजी म्हणाला. चोचीला नव्हे, मला. (बोट कुठून कुठे गेलं याचा अर्थ तुम्हीच काढा. नाकाचा वाद माझ्यापुरता मिटला.) नंतर मास्कची नाडी मुठीत धरून माझ्या अंगावर झोपला. नातवंडं म्हणजे दुधावरची साय म्हणतात. ही साय चांगलीच वजनदार आहे, पायाला मुंग्या आल्या, पण मी पाय हलवला नाही. प्लंबरसुद्धा जाताना हत्यारांची पिशवी छातीशी धरून चोरपावलांनी गेला. इतकं सुख मला आयुष्यात फार वेळा झालेलं नाही, विहीणबाई.

तर असं सगळं झालं. बाकी काय लिहू? लोभ आहे तो वाढवावा आणि भांडण आहे ते एवढंच राहू द्यावं, ही विनंती. व्याह्यांना नमस्कार.

तुमची,
फोनवर गप्प असणारी विहीण

ता. क. हे म्हणतात, व्याह्यांना कळव, एकदा आजी होऊन बघा, आजोबा होण्यापेक्षा पुष्कळ बरं असतं.

आणखी एक ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सोबतच्या पुडक्यात एक चोचीचा मास्क आहे, धुऊन इस्त्री केलेला. एवढ्यासाठीच सगळं पत्र लिहिलं. पोरं येतील तेव्हा तो लावून दार उघडा. नुसत्या तोंडाने उभ्या राहू नका, मला झालं तसं तुम्हाला व्हायला नको. चोच दिसली की ढब्बू अजूनही धावत सुटतो. तुम्हाला मी समजून येईल, येऊ द्या, उचलून घ्या. आजी म्हणेल, बिनधास्त ओ द्या. तुम्हीपण दीड वर्ष थांबलायत.

शेवटचं. नंतर मास्क हळूहळू खाली करा आणि नाक दाखवायला मुळीच भिऊ नका. तो झोपला होता तेव्हा मी अगदी जवळून, निरखून पाहिलं. तुमचंच आहे. रोज आरशात बघतो तो ते, त्याला कसला घाबरतोय? (मास्क मात्र परत पाठवा. आणि हा कागद फाडून टाका.)