लाल ओलांडला तो मॉनिटरने

राजमान्य राजश्री जालिंदरराव यांसी,

दौंडहून तुमच्या जुन्या ड्रायव्हरचा सलाम पोचावा. इकडे सगळं बरं चाललंय, म्हणजे सांगण्यासारखं बरंच बिघडलंय. शिरूरला पाऊसपाणी कसं आहे, शेवंतीला भाव मिळाला का, सविस्तर कळव. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं, पण भेटायला येता आलं नाही, राग मानू नकोस. (तू माझ्यापेक्षा लहान आणि डोळे आधी गेले तुझे. माझे अल्लाच्या कृपेने अजून खणखणीत आहेत.) तुला अजून वाचायला मनाई असेल, म्हणजे हे पत्र अनसावहिनीच वाचून दाखवणार, तेव्हा त्यांनाही सलाम. फोनच केला असता, पण मी फोनवर बोललेलं रजियाला स्वयंपाकघरात ऐकू जातं, आणि टाईप करावं तर कंपनीवाले हल्ली मोबाईलवर अक्षरं फार बारीक द्यायला लागलेत.

आता नीट बसून घे. जालिंदर, मी लाल सिग्नल ओलांडला. होय, मीच, ज्याच्या हातून सगळ्या नोकरीत असलं कधी झालं नाही. (खऱ्या गाडीने नव्हे, कॉम्प्युटरवर. पण तेवढ्यावर निवांत होऊ नकोस.) त्याचं असं झालं, की निवृत्तीनंतर मी सगळ्यांच्या पायात पायात येतो, असं आमच्या निखतचं म्हणणं पडलं. (निखत म्हणजे माझी धाकटी मुलगी, हे वहिनींसाठी.) तिने स्वतःचा जुना कॉम्प्युटर माझ्या हवाली केला आणि त्यात रेल्वे चालवायचा खेळ घालून दिला. मी आधी हसलो, मग जरा बसलो, तो जेवायलाच उठलो. कुणा हौशी माणसाने त्यात आपलं इंजिन, आपले सिग्नल, अगदी तारेवरचे कावळेसुद्धा बसवलेत. नाहीस तो फक्त तू, माझा असिस्टंट. सिग्नल आला की मी सवयीने मोठ्याने पुकारतो आणि पलीकडून उत्तर येत नाही. आयुष्यभर मी ‘हिरवा’ म्हणायचं आणि तू हात करून ‘हिरवा’ म्हणायचं, असं एकमेकांना सांगितल्याशिवाय आपण कधी सिग्नल मागे टाकला नाही. मग रजिया लसूण सोलायला शेजारी येऊन बसायला लागली आणि माझ्या आधीच पुकारायला लागली, ‘अवो, पिवळा हाय.’ मला वाटलं, म्हातारीलाही नाद लागला. त्या दिवशी ती नेमकी बाजारात गेली होती, आणि त्याच दिवशी घात झाला. मला चांगला पिवळा दिसला, मी दमाने गाडी पुढे काढली, आणि पडद्यावर पाटी आली की तुम्ही लाल सिग्नल ओलांडला आहे. आता कुणीतरी चौकशीला येईल म्हणून मी कितीतरी वेळ खुर्चीतच बसून होतो. शेवटी रजियाच आली, भाजी घेऊन.

दोष यंत्राचा, हे उघड होतं. स्टेशनजवळ सत्यजीत म्हणून एकाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘काका, यात ग्राफिक्स कार्डच न्हाई. मग चित्र काढनार कोन?’ कार्ड म्हटल्यावर मी समजलो पासासारखं काहीतरी असेल, खिशात मावेल, म्हणून पिशवीही नेली नव्हती. त्याने ते काउंटरवर ठेवलं आणि मी मागेच सरकलो. भट्टीतली वीट त्यापुढे लहान. वर त्याला तीन पंखे. मे महिन्यात आपल्या केबिनमध्ये दोन जिवंत माणसांत एक पंखा असायचा, तोही मनात आलं तर फिरायचा, आणि इथे नुसती चित्रं काढणाऱ्याची ही बडदास्त. ते जुन्या डब्यात मावेना, म्हणून डबा बदलला. मग त्याला वीज पुरेना, म्हणून आतला पॉवर सप्लाय बदलला. (किंमत लिहीत नाही, पत्र रजियाच्या हाती पडू शकतं.) घरी आणून चालू केलं तर निळे, जांभळे, हिरवे दिवे फिरायला लागले आणि शेजारच्या पार्वतीबाई दारात येऊन विचारून गेल्या, उरूस आहे का. गाडी मात्र झटके न देता पळायला लागली, बाभळीचं पान न् पान हलायला लागलं. सिग्नल तेवढा होता तसाच गढूळ राहिला. म्हणजे दोष मॉनिटरचा, हे सिद्ध झालं.

मॉनिटरची खरेदी म्हणजे मुलीचं स्थळ बघण्यापेक्षा अवघड, हे मला माहीत नव्हतं. सत्यजीत म्हणाला, हा एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा आहे. मी हादरलोच. आपल्या डोक्यावरच्या तारेत पन्नास हर्ट्झ, घरातल्या बटणात पन्नास हर्ट्झ, अख्खा देश पन्नासावर चालतो, मग हा वरचे कुठून आणणार? मी त्याला सगळं पुराव्यानिशी समजावलं. दुकानातली पोरं भोवती गोळा झाली. त्यातली एक मुलगी म्हणाली, ‘काका, सेकंदाला चित्र किती येळा बदलतं त्याचं हर्ट्झ हाय ते. विजेचं न्हाई.’ (हे मला घरी आल्यावर पटलं. दुकानात पटवून घेणं शक्य नव्हतं.) मग त्याने वाकडा मॉनिटर काढला. वळणावर रूळ वाकवतात हे समजू शकतो, पण सरळ लाईनीवर काच वाकवून माणसाने बघायचं काय?

शेवटी मी रेल्वेची पद्धत लावली. सगळे मॉनिटर ओळीने मांडायला लावले, सगळ्यांवर डबल पिवळा घ्यायला सांगितला आणि रेल्वेच्या मेडिकलला अक्षरं वाचायला उभं करतात तसा दाराशी जाऊन उभा राहिलो. तुला सांगतो, मी थक्क झालो. एकाही मॉनिटरवर दोन दिवे वेगळे दिसेनात. प्रत्येक दिव्याभोवती धुक्याचं कडं, डिसेंबरात भीमेच्या पुलावर असायचं तसं. इतक्या कंपन्या, इतक्या जाहिराती, आणि सगळ्यांच्या मालात खोट एकच. एवढा मोठा घोटाळा उघड्यावर चाललाय आणि कुणाला त्याचा पत्ता नाही. पोरं म्हणाली, आम्हाला दोन दिसतायत. मी म्हटलं, तुम्हाला मोबाईल बघायची सवय, तुम्हाला काहीही दिसेल. सत्यजीतने एक मॉनिटर घरी नेऊन बघायला दिला, तो परत केला. दुसरा आणला, तोही परत केला. सध्या तिसरा घरात आहे आणि मी रस्त्याने येताना दिसलो की सत्यजीत चहाला जातो.

दुसऱ्या धक्क्याचं तर अजून सांगितलंच नाही. काल डोळे निवावेत म्हणून स्टेशनवर गेलो आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन खरा सिग्नल बघितला. जालिंदर, त्यालाही तेच कडं. म्हणजे रेल्वेनेही दिवे त्याच कारखान्यातून घेतलेत. पुण्याच्या डेमू गाडीवरचा ड्रायव्हर उभा होता, त्याच्या कानावर घातलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग मला बाकावर बसवून त्याने चहा पाजला. हल्लीची पोरं स्वभावाने चांगली आहेत. तर आता गुरुवारी तू इकडे यावंस आणि माझा साक्षीदार म्हणून सत्यजीतला दोन शब्द सुनवावेत, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

वहिनींच्या गुडघ्यांना आराम पडो.

तुझा ड्रायव्हर,
शेखलाल

ता. क. – ओळी वरखाली झाल्या असतील. पेन हलक्या दर्जाचं आहे.

ता. क. २ – तू येऊ नकोस, मीच गुरुवारी शिरूरला येतो. काल त्या बाकावर चहा पिऊन झाल्यावर एक डोळा झाकून सिग्नलकडे बघितलं. मग दुसरा झाकून बघितलं. मग दोन्ही झाकून बराच वेळ बसून राहिलो. तुझं ऑपरेशन ज्या डॉक्टरने केलं त्याच्याकडे मला घेऊन चल. दौंडात नको, इथे दवाखान्याच्या बाकावर निम्मी रेल्वे कॉलनी बसलेली असते. शिरूरला रेल्वे नाही, तिथे माझी अब्रू राहील. दुखतं का, ते खरं सांग, मला भीती वाटते. (वहिनी, एवढं त्याच्या कानातच सांगा.) रजियाला यातलं काही कळता कामा नये. शिरूरला मॉनिटर बदलून मिळतो, असं तिला सांगून ठेवलंय.

ता. क. ३ – पाकीट चिकटवायला घेतलं होतं, पण हे लिहिणं भाग आहे. रजिया लसूण सोलत बसली होती. मी म्हटलं, गुरुवारी मॉनिटर गुंडाळून न्यायला एखादी जुनी चादर काढून ठेव. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, ‘मॉनिटर ऱ्हाऊ द्या घरी. डोळं तेवढं घेऊन जावा.’