डोंगरावरच्या देवळातला प्रसाद

ती. ताईस नमस्कार,

(वाकून केला आहे, पण आपले गुडघे एकाच कारखान्यातले, तेव्हा जेवढा पोचेल तेवढा गोड मानून घे.)

आई साबणाची नवी वडी दोऱ्याने कापायची, ते आठवतं का गं? सोमवारी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर नखं आणि कान तपासायच्या, म्हणून रविवारी संध्याकाळी मोरीत आपली घासाघाशी चालायची. आईचा दोरा कधी मधोमध गेला नाही. मोठा तुकडा तू मला द्यायचीस आणि वर म्हणायचीस, "घे, तुझेच कान जास्त मळलेत." हे आत्ताच का आठवलं, ते सांगायलाच लिहिते आहे.

तुझी तब्येत कशी आहे? परवा फोनवर तू विचारलंस, "काय ठरलं तुझं?" आणि मी हवापाण्यावर बोलत बसले. काय करणार, मुलगा शेजारीच उभा होता. तो म्हणतो, आई, आता कायमची इथेच राहा, भारतातलं घर विकून टाकू. सूनही अगदी मनापासून म्हणते. मी मान हलवली. (ती होकाराची होती की नुसतीच, हे मलाही कळलं नाही; पण त्याने दलालाला कळवूनसुद्धा टाकलं.)

माझा उतरलेला चेहरा सुनेने हेरला असावा. सुट्टीच्या दिवशी ती मला इथल्या डोंगरावरच्या देवळात घेऊन गेली. देऊळ आपलं नव्हे, देवही ओळखीचा नव्हे. तरी पायऱ्या चढताना सारखं वाटत होतं, की म्हातारपणी मिळून डोंगरावरचे सगळे देव करायचे, असं आपण दोघींनी ठरवलं होतं. म्हातारपण वेळेवर आलं, डोंगर तेवढे राहून गेले. वर पोचले तर काय शांतता! घंटा नाही, ढकलाढकली नाही, कुणी कुणाला "सरका पुढे" म्हणत नाही. मी सवयीने एकदम गुडघ्यांवर बसले (सिस्टरांची कृपा) आणि मग उठता येईना. दोन अनोळखी माणसांनी मला उचलून उभं केलं आणि मलाच वाकून नमस्कार केला.

बाहेर पडताना दाराशी एक तबक होतं. त्यात पांढरेशुभ्र, छोटे छोटे चौकोनी तुकडे. मागे देवळाची देखभाल करणारे आजोबा उभे. आता तबक, देऊळ आणि आजोबा म्हटल्यावर दुसरं काय असणार? मी उजवा हात पुढे केला, तुकडा डोळ्यांना लावला आणि तोंडात टाकला. तुमच्यासाठी म्हणून मूठभर रुमालातही बांधून घेतले. चव जरा कडवट लागली, पण परमुलखातला देव, त्याची आवड वेगळी असेल, म्हणून चघळत राहिले. तेवढ्यात सून कानाशी पुटपुटली, "आई, हात धुवायचा साबण आहे तो."

पण खरी गंमत पुढेच. आजोबांना वाटलं, ही हिच्याकडची रीतच असणार. पाहुणीला अवघडल्यासारखं व्हायला नको, म्हणून त्यांनीही एक तुकडा उचलला, अदबीने डोळ्यांना लावला आणि खाल्ला! दोघं समोरासमोर उभे, दोघांच्याही ओठांवर फेस, आणि रांगेतलं एकही माणूस हसलं नाही. मी रुमाल परत करू लागले, तर त्यांनी उलट एक अख्खी वडी कागदात गुंडाळून हातात ठेवली.

घरी आल्यावर मुलगासुद्धा हसला नाही. म्हणाला, "होतं असं, आई. मनावर घेऊ नकोस." ताई, आपल्याकडे दहा जणी ओरडल्या असत्या, "अहो बाई, साबण आहे तो!" आणि तू तर पायरीवर फतकल मारून डोळ्यांतून पाणी येईतो हसली असतीस. इथली माणसं फार भली आहेत. मी चुकले, तर माझ्याबरोबर साबण खातील. पण ओरडणारं कुणी नाही गं.

असो. किल्ली तुझ्याकडे आहेच; घर रिकामं करायचं तर शिलाई मशीन भाचीला दे. पितळी डबे वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना. माझी आरामखुर्ची तू ने.

तुझी,
धाकटी

ता. क. रुमालातले तुकडे मुलाच्या मित्राबरोबर पाठवते आहे. एकेक सगळ्यांना वाट. मास्तरीणबाईंना मात्र साबण आहे हे आधी सांग, त्या भाविक आहेत.

ता. क. मशीन, डबे, खुर्ची, काही कुणाला देऊ नकोस. दलाल आला तर दार उघडू नकोस. मुलाला मीच सांगेन. उद्या सकाळी, मान न हलवता, तोंडाने. तू फक्त माझी खोली झाडून ठेव.

ता. क. अख्खी वडी तुझी-माझी. दोऱ्याने काप. या वेळी मोठा तुकडा तू घे. लहान मोरीत माझ्या जागेवर ठेव, कोरडाच राहू दे.