प्रॅक्टिकलची तारीख

रविवार, १९ जून

प्रिय खारूताई,

तुला खूप खूप प्रेम. मी बरी आहे, एक गुडघा सोडून. तो स्वतःच्या मर्जीने वागतो. तुझी बांधाबांध झाली असेल. अर्धी बॅग तू भरली असशील आणि अर्धी आईने परत उपसून भरली असेल.

तीन आठवड्यांपूर्वी तिचा फोन आला होता. म्हणाली, "पोरगी आपल्याच कॉलेजात चाललीय. तू तिथे शिकलीस, पुढे आयुष्यभर शिकवलंस. चार शहाणपणाच्या गोष्टी लिहून पाठव. माझं एका कानाने ऐकते आणि दुसऱ्याने सोडून देते." मी हो म्हटलं. त्यानंतर हे पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. हे चौथं.

तर ऐक. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सगळं येतंय असं तुला वाटेल. कुणालाही काही येत नसतं. पुढच्या बाकावर बसून जोरजोरात माना हलवणारी मुलं तर सर्वांत जास्त घाबरलेली असतात. हे मी वर्गासमोर उभी राहून पंचवीस वर्षं पाहिलंय. समजलं नाही तर हात वर कर. हॉस्टेलची गादी पहिल्याच दिवशी उन्हात टाक. आईने "जेवलीस का?" विचारलं आणि जेवली नसशील, तर नाही म्हणून सांग, ओरडा खा, पण खोटं बोलू नकोस. प्रयोगशाळेत आकडे वहीत लिहायचे, तळहातावर नाही. आणि नोटीस बोर्ड रोज वाचायचा, स्वतःच्या डोळ्यांनी. कुणी सांगेल म्हणून थांबायचं नाही.

हे शेवटचं वाचून तू हसली असशील, कारण ती गोष्ट तू लहानपणापासून ऐकत आलीस. आई कॉलेजात असताना आजोबा शिडीवरून पडले, ती घरी गेली, इकडे परीक्षेची तारीख बदलली, मावशीने बिचारीने दोन दिवस फोन लावला, पण लागला नाही. तुझी आई ही गोष्ट सांगते तेव्हा मी अनेकदा समोर असते. "बिचारीने" हा शब्द ती कधीच गाळत नाही.

तुझ्या आईला आम्ही 'थेंबी' म्हणायचो, हे तुला माहीत नसेल. नळीतून थेंब थेंब आम्ल सोडायचं आणि रंग बदलला की त्याच थेंबाला थांबायचं, असा तो प्रयोग. आमचा सगळ्यांचा रंग लालभडक व्हायचा. तिचा जेमतेम गुलाबी, गालावर लाज चढावी तसा. सर तिचं भांडं वर्गभर फिरवून दाखवायचे. एकदा माझ्यासमोर थांबून म्हणाले, "एकाच खोलीत राहता ना? मग थोडं शीक तिच्याकडून."

मी शाळेत कायम पहिली आलेली. थेंबी दिसायला साधी, बोलायला मवाळ, माझे कपडे वाळत घालणारी, मी आजारी पडले तर उशाशी बसणारी. तिचा राग यावा असं तिने काहीच केलं नव्हतं. त्यामुळे तो जास्तच यायचा.

आजोबा रंगकाम करायचे. शिडी सरकली आणि कंबरेचं हाड मोडलं. थेंबी निघाली तेव्हा प्रॅक्टिकलला दहा दिवस होते. तिने त्यांच्या घराशेजारच्या शिंप्याच्या दुकानाचा नंबर माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. "तारीख बिरीख बदलली तर एवढा फोन कर गं. तुझ्यावर सोडून जातेय."

सोमवारी दुपारी नोटीस लागली. परीक्षा चार दिवस अलीकडे, म्हणजे त्याच गुरुवारी. संध्याकाळी मी हॉस्टेलच्या ऑफिसातून फोन लावला.

खारे, फोन लागला होता.

शिंपी म्हणाला, "थांबा, बोलावतो." शिवणयंत्राचा आवाज येत होता. मग धावत आल्यासारखा थेंबीचा आवाज. मी विचारलं, "बाबा कसे आहेत?" ती म्हणाली, "झोपूनच आहेत. कूस बदलायलासुद्धा दोघं लागतात." मग तिने विचारलं, "बोर्डावर काही लागलं नाही ना?"

मी म्हणाले, "नाही."

कट वगैरे काही नव्हता. फोन लावताना मी सांगणारच होते, देवाशपथ. पण तो प्रश्न आला आणि वाटलं, एकदा, एकदाच, तिची धांदल उडू दे. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी फोनच्या रांगेत उभीही राहिले. माझी पाळी आली तेव्हा मागच्या मुलीला म्हटलं, "तू कर आधी." आणि खोलीवर आले. बुधवारी गेलेच नाही.

शनिवारी ती परतली, ती थेट प्रयोगशाळेत गेली. तिला सराव करायचा होता. पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून आणला होता. नळ्या धुऊन उलट्या टांगलेल्या. तिथले काका म्हणाले, "पोरी, परीक्षा गुरुवारीच झाली." मी दाराशी उभी होते. मी सोमवारचा मंगळवार करून म्हणाले, "नोटीस मंगळवारी लागली. दोन दिवस फोन लावत होते गं, लागलाच नाही." आणि मला रडू कोसळलं. ते रडू खरं होतं. पण तिने मलाच जवळ घेतलं. "वेडी का तू? फोन नाही लागला, त्यात तुझा काय दोष?"

विभागप्रमुखांनी ऐकून घेतलं नाही. "बाकीचे सगळे हजर होते," एवढंच म्हणाले. मी तिच्या शेजारी उभी होते. तोंड उघडलं असतं तर कदाचित तिची परीक्षा पुन्हा घेतली असती. वर्ष गेलं. आजोबा दोन वर्षं उठले नाहीत. ती परत आलीच नाही. त्या वर्षी मी पहिली आले.

ती आज चष्म्यांच्या भिंगांना घासून नंबर देते. त्या कामात तिच्या हाताला तोड नाही, आणि ती सुखी आहे, असं मी स्वतःला सांगत आले. ती सुखी असेलही. ते श्रेय तिचं आहे. त्याने माझं काही फिटत नाही.

मग हे आता का? कारण तुझा प्रवेश झाला त्या दिवशी ती फोनवर म्हणाली, "तुझ्यासारखी एक तरी मैत्रीण तिला मिळू दे." मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवला.

हे गुपित तुझ्या गळ्यात बांधून तुला घरातून पाठवणार नाही. पाकीट आईच्या नावाने टाकते आहे. आधी ती वाचेल. तिने चुलीत घातलं तरी तो तिचा हक्क. म्हणजे तू हे वाचत असशील तर तिने आधी वाचलेलं आहे. आज तिला एकटी सोडू नकोस. आणि माझी बाजू घेऊ नकोस.

खूप शीक. तुझ्याही वर्गात कुणीतरी तुझ्याहून हुशार निघेल. तिच्या शेजारी बस.

मावशी म्हणवून घ्यायची सवय झालेली,
तुझ्या आईची खोलीतली सोबतीण

*

(मागच्या कोऱ्या बाजूवर, दुसऱ्या अक्षरात)

खारे,

पत्र येऊन नऊ दिवस झाले. आधी वाटलं, तुला दाखवूच नये. मग वाटलं, लपवाछपवी एकीने केली तेवढी पुरे.

तो फोन मला आठवतो. यंत्राच्या खडखडाटात नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी तिला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. पत्रात तिने एकदाच लिहिलंय.

तिचे सल्ले चांगले आहेत. सगळे पाळ. तिला उत्तर तू लिहू नकोस. ते मी लिहीन, जमेल तेव्हा.

आई