स्टोअरच्या स्क्रीनवरची अक्षरं

अण्णा,

आज ऑफिसातून दुपारीच घरी आले. बरं वाटत नाही असं सांगितलं, पण तसं काही झालेलं नव्हतं. सकाळी एका दवाखान्याच्या कामाची मीटिंग होती. तिथे केसपेपर काढणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, की स्क्रीनवरची अक्षरं जरा मोठी करून मिळतील का. माझ्या हाताखाली काम करणारी मुलगी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "मॅडम, फॉन्ट फिक्स आहे. नाही होणार म्हणून कळवते." आणि मी "बरं" म्हटलं. इतकी वर्षं हेच काम करते आहे, मला चांगलं माहीत आहे की ते होतं. दोन दिवसांचं काम आहे. तरी बरं म्हटलं, कारण वाद घालायचं त्राण नव्हतं. मग जागेवर येऊन बसले आणि बसवेना.

तुम्हाला कंपनीच्या गेटवर बसायला पाठवलं तेव्हा तुमचं जे वय होतं, तिथे मी आता येऊन पोचले आहे. त्या वयातला माणूस संध्याकाळी किती थकतो हे मला तेव्हा कळत नव्हतं. तुम्ही सातपूरहून, कंपनीतून सायकलवर घरी यायचात, ओट्यापाशी उभं राहून तांब्याभर पाणी प्यायचात आणि मग कितीतरी वेळ तसेच भिंतीला टेकून उभे राहायचात. आई म्हणायची, "बसा की." तुम्ही म्हणायचात, "बसलो का उठवत नाय."

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत तुम्ही हेल्पर म्हणून लागलात आणि स्टोअरकीपर झालात. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण बोल्ट दोन बोटांत फिरवला की त्याचे आटे कुठले ते सांगायचात. मी लहान असताना एका दसऱ्याला तुम्ही आम्हाला स्टोअर दाखवायला नेलं होतं. झेंडूच्या माळा घातलेले रॅक आणि प्रत्येक खान्यावर तुमच्या हातच्या मोठ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. इंग्रजी आकडे तुम्ही सुंदर काढायचात. आठाचे दोन्ही गोल सारखे.

मी कॉम्प्युटरचा कोर्स करून शरणपूर रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात लागले तेव्हा तिथे आम्ही चार माणसं होतो, सरांना धरून. सहा महिन्यांनी तुमच्याच कंपनीचं काम आलं. स्टोअरसाठी प्रोग्रॅम हवा होता. कोणत्या खान्यात काय आहे, कोणाला काय दिलं, किती उरलं, सगळं स्क्रीनवर. सरांनी ते काम मला दिलं. तोवर आमच्याकडे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटणारे प्रोग्रॅम होते. हा पहिला खिडक्यांचा, माऊसचा. आम्ही एक टूलकिट घेतलं होतं, म्हणजे बटणं, चौकटी, याद्या असा तयार माल, तो जोडून स्क्रीन उभी करायची. मी नवीन होते. एका स्क्रीनवर जास्तीत जास्त माहिती बसवली की काम चांगलं, असं मला वाटायचं. म्हणून बारीक अक्षर घेतलं आणि प्रत्येक चौकट त्या अक्षराच्या मापाने ठोकून बसवली.

तुम्ही एकदा आमचं ऑफिस बघायला आला होतात. कॉम्प्युटरकडे फारसं बघितलंच नाही. टेबलाखाली वाकून बघितलंत. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. पुढच्या आठवड्यात वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्ट्यांचा पायठेवा करून आणलात, हिरवा रंग दिलेला, मशीनला देतात तसा. "दिवसभर पाय लोंबकळले का कंबर धरती," म्हणालात. ऑफिसात सगळे हसले. मलाही लाज वाटली. पण मी तो वापरला.

मग स्टोअरमध्ये कॉम्प्युटर बसला. त्याच वेळी तुमच्या साहेबांनी रॅक नव्याने लावून घेतले, सगळ्या खान्यांना नवे नंबर दिले आणि तुमच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. तुमची जुनी वहीही बंद केली, कारण आता स्क्रीनवर नंबर येणार होता. पंधरा दिवसांनी एका रविवारी सकाळी आपण स्वयंपाकघरात आहोत. आई भाकरी थापते आहे, तुम्ही ताटात मटार सोलताय आणि मी चहा गाळते आहे. तुम्ही मटारांकडे बघतच म्हणता, "ताई, ते अक्षर जरा मोठं करता येईल का गं? सहा आन् आठ एकच दिसत्यात."

"चष्मा बदला ना अण्णा."

"बदलला. डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू हाय, पण पिकायचा हाय अजून. तोवर असंच." मग तुम्ही हसलात. "भिंग बी आणलं मेनरोडवरनं. भिंगातून नुसते रंगीत ठिपके दिसत्यात. आकडा गायबच."

मी म्हटलं, करते. आणि अण्णा, मी केलं होतं. हे तुम्हाला नीट सांगितलंच नाही कधी. सरांना न विचारता मी चार दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून अक्षर मोठं केलं. पहिल्यांदा चौकटी अपुऱ्या पडल्या, नंबरातला शेवटचा आकडाच कापला जायचा. मग एकेक चौकट हाताने रुंद केली. शनिवारी येऊन तुमच्या कॉम्प्युटरवर बसवलं. तुम्ही खुर्ची मागे सरकवून, पाठ टेकून वाचलंत. मोठ्याने वाचलंत, शाळेतल्यासारखं. तुम्हाला पाठ टेकून बसलेलं मी तिथे पहिल्यांदा बघितलं.

सोमवारी दुपारी ऑफिसात फोन आला. दुसरी पाळी सुरू झाली होती आणि स्टोअरच्या स्क्रीनवरची अक्षरं जाड, काळी, एकमेकांवर चढलेली दिसत होती. मग कॉम्प्युटरच अडकला. लाईनवर माल जाईना. असेंब्लीची माणसं खिडकीशी रांग लावून उभी. मी रिक्षाने आले तेव्हा तुम्ही काउंटरमागे उभे होतात आणि साहेब तुमच्यावर ओरडत होते, की कोणतं बटण दाबलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही.

चूक माझी होती, आणि ती साधी होती. प्रत्येक स्क्रीन उघडली की ती मशीनकडून एक फॉन्ट, म्हणजे अक्षरांचा साचा, मागून घ्यायची. वापरून झाला की तो जमा करायचा असतो. मी इश्यू करत गेले, जमा एकदाही केला नाही. तुम्ही सकाळपासून शेकडो वेळा स्क्रीन उघडली, तसे शेकडो फॉन्ट बाहेर पडून राहिले. दुपारपर्यंत मशीनकडे द्यायला काही उरलं नाही. तुमच्या हाताखाली पहिल्या दिवशी आलेल्या माणसालाही तुम्ही हे शिकवलं असतं.

सरांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "कंपनी क्लायंट आहे की तुझे वडील?" मी जुना प्रोग्रॅम परत टाकला. बारीक अक्षर परत आलं. त्या संध्याकाळी तुम्ही पाणी पिऊन भिंतीला टेकून उभे होतात. तुम्ही विचारलंत, "काय झालं मंग त्या अक्षराचं?"

मी म्हटलं, "नाही होत अण्णा. ते टूलकिटच तसं आहे. आतूनच ठरलेलं असतं."

"म्हंजे तुझ्या हातात नाय."

"नाही."

"मंग राहू दे," तुम्ही म्हणालात. "लय ताण घेऊ नको."

माझ्या हातात होतं. मला फक्त ते येत नव्हतं. आणि येत नाही हे तुम्हाला सांगायची लाज वाटली, कारण कंपनीत कॉम्प्युटर आला तेव्हा तुम्ही सगळ्या स्टोअरला सांगितलं होतं, "ही स्क्रीन माझ्या ताईनं बनवलेली." आईने मला ते आधीच सांगितलं होतं.

चारेक महिन्यांनी सिन्नरच्या एका कारखान्याचं काम आलं. तिथल्या मोठ्या साहेबांना बारीक अक्षर आवडलं नाही, तेव्हा सर म्हणाले, "दोन-तीन दिवसांत मोठं करून दे." ते साहेब बोलले म्हणून झालं. तोवर मी थोडी शिकले होते. या वेळी सगळे फॉन्ट एकाच जागी ठेवले, मथळ्याचा एक, मजकुराचा एक, आकड्यांचा एक. स्क्रीनने आपला आपला फॉन्ट बनवायचा नाही, तिथून घ्यायचा. माप बदलायचं तर त्या एका जागी बदलायचं, आणि चौकटीही अक्षराबरोबर रुंद व्हायच्या. दिवसभर चालवून बघितलं, काही अडकलं नाही. मला फार आनंद झाला होता. सिन्नरहून एसटीने येताना खिडकीशी बसून मी ठरवलं, हेच अण्णांच्या स्टोअरमध्ये बसवायचं. अर्ध्या दिवसाचं काम.

बसवलं नाही. सरांना एकदा विचारलं, ते म्हणाले, "त्यांनी मागितलंय का?" मागितलं नव्हतं. मागणारे तुम्ही एकटे, तेही मटार सोलताना. मी जोर धरला असता तर सर हो म्हणाले असते, ते तसे वाईट नव्हते. पण मग तुम्हाला सांगावं लागलं असतं, की आतून ठरलेलं वगैरे काही नव्हतं. पुढच्या महिन्यात बघू, असं मी तीन-चार महिने म्हणत राहिले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

पावसाळा संपता संपता ते झालं. बी-छत्तीस नंबरच्या खान्यात साध्या रबरी रिंगा होत्या, बी-अडतीसमध्ये गरम तेलाला टिकणाऱ्या. मापाने, रंगाने अगदी सारख्या, नंबर सोडला तर फरक कळायला मार्ग नाही. तुम्ही छत्तीसमधल्या दिल्या. टेस्टिंगला पंप गळायला लागले आणि आख्खा लॉट उघडून पुन्हा जोडावा लागला. आठ दिवसांनी तुम्हाला स्टोअरमधून काढून गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. तिथे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहायचात, मोठं. पगार तोच राहिला. आई शेजारच्यांना सांगायची, "आता निवांत काम दिलंय त्यांना."

दोन वर्षांनी मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर तुम्ही पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचून दाखवल्यात, भाड्याने देणे, पाहिजेत, हरवले आहेत, सगळं. आई हसून थकली. मी तुम्हाला म्हटलं, "आता स्टोअरमध्ये परत घ्या म्हणा की." तुम्ही म्हणालात, "तिथं आता दुसरा माणूस बसलाय. त्याला कशाला उठवायचं?" त्यानंतर वर्षभरात तुम्ही गेलात, सकाळी, गेटवरच, खुर्चीत बसल्या बसल्या. हृदयाचं होतं म्हणाले.

तेराव्याला तुमच्या स्टोअरमधले पॅकिंगचे काका आले होते. जेवणं झाल्यावर ते बाहेर ओट्यावर माझ्याशेजारी बसले. रिंगांचं प्रकरण झालं तेव्हा ते चौकशीच्या खोलीत हजर होते. म्हणाले, "साहेबांनी सरळ इचारलं होतं बघ, स्क्रीन वाचता येत नाय का? तसं असंल तर सांगा, प्रोग्रॅमवाल्यांना बोलावतो. तुझे अण्णा म्हणले, येती की साहेब. चांगली दिसती. माझंच ध्यान नव्हतं."



"आम्हाला ठावं होतं, दिसत नव्हतं ते," काका म्हणाले. "रोज मीच वाचून द्यायचो त्यांला. त्या दिवशी मी रजेवर होतो." मग म्हणाले, "मीच रजा नसती घेतली तर." त्या माणसाने इतकी वर्षं ते स्वतःवर घेतलं होतं. मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं, की काका, तुमचं काही नाही त्यात. मी त्यांना पाणी आणून दिलं.

पुढे मी पुष्कळ स्क्रीन केल्या. लोक म्हणतात माझ्या स्क्रीन वाचायला सोप्या असतात, आणि नवीन मुलांना मी पहिल्या आठवड्यात फॉन्ट कसे सांभाळायचे ते शिकवते. वाटलं होतं, यातून काहीतरी फिटत जाईल. तसं होत नाही, नुसती सवय होते. आणि सवय झालेला माणूस एखाद्या सकाळी "बरं" म्हणून मोकळा होतो. उद्या त्या मुलीला सांगेन, की होतं म्हणून कळव. सांगेन बहुतेक.

हे सगळं लिहून कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. आई आता माझ्याकडे असते, आतल्या खोलीत झोपली आहे. तिलाही वाचून दाखवणार नाही, कारण एक गोष्ट राहिली आहे आणि ती तिच्यासमोर मला म्हणवणार नाही. ज्या दिवशी तुम्हाला गेटवर टाकल्याचं कळलं, त्या दिवशी मी ऑफिसातून येऊन नुकत्याच चपला काढत होते. आईने डोळे पुसत सांगितलं. मीही "अरेरे" म्हटलं, खाली बसले, तिचा हात हातात घेतला. आणि आत, अण्णा, मला हायसं वाटलं. आता त्या अक्षरांबद्दल मला कोणी विचारणार नव्हतं.